न दुखणारा गुडघा

ज्याचा गुडघा दुखतो अशा माणसात आमच्या डॉक्टरांना फारसा रस नसायचा. दुखणारा गुडघा काय, कोणीही ओळखतं. रिक्षावाला ओळखतो, सासू ओळखते. त्यांना हवे असायचे ते न दुखणारे गुडघे. असे गुडघे असलेली माणसं आपापल्या घरी सुखात बसतात आणि एमआरआय काढायला येत नाहीत, ही जगाची एक मोठी चूक आहे असं त्यांचं ठाम मत होतं. ती चूक सुधारायला ते माणगावात आले होते.

हायवेलगत टाइल्सच्या दुकानाला चिकटून आमचं स्कॅन सेंटर. मी तिथे मशीन चालवायची. म्हणजे पेशंटला आत सरकवायचं, कानात बोळे द्यायचे, "हलू नका" म्हणायचं, आणि तो हलला की पुन्हा तेच म्हणायचं. डॉक्टर शेजारच्या काळोख्या खोलीत बसून चित्रं वाचायचे. मशीनसाठी लावलेला एसी त्यांच्या खोलीतही घुसायचा, त्यामुळे ते बारा महिने मफलर गुंडाळून असत. मे महिन्यात, रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत असताना, मफलर घालून टपरीवर चहाला जाणारा माणूस सगळ्या माणगावात एकच. टपरीवाला विचारायचा, "काय डॉक्टर, काश्मीरात काय म्हंतात?" डॉक्टर त्याच्याकडे बघायचेच नाहीत. ते त्याच्या गुडघ्याकडे बघायचे.

मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळातली नोकरी सोडून ते इकडे का आले याबद्दल आमच्याकडे बऱ्याच कथा होत्या. कोणी म्हणे भांडण झालं, कोणी म्हणे बायको गेल्यावर मन लागेना. मला विचाराल तर त्यांनी तिथल्या वरिष्ठांना भर मीटिंगमध्ये त्यांच्या चालण्याबद्दल काहीतरी ऐकवलं असावं. कारण आमच्या मालकांच्या मुलीच्या लग्नात त्यांनी तेच केलं. नवरदेव मांडवात पाटावर बसला, उठला, पुन्हा बसला. डॉक्टर अक्षता टाकून थेट मालकांकडे गेले आणि म्हणाले, "मुलगा चांगला आहे. डावा गुडघा जरा लवकर जाईल." मालकांनी हसून घेतलं. विहीणबाईंनी घेतलं नाही. त्यानंतर आमच्या सेंटरला कोणत्याही मंगलकार्याचं आमंत्रण आलं की त्यावर फक्त माझं नाव असायचं.

त्यांचं सगळं प्रेम एका थरावर होतं. गुडघ्यात हाडांच्या टोकांवर एक पातळ, गुळगुळीत थर असतो, त्याला कूर्चा म्हणतात. पुस्तकात म्हणतात. आमच्याकडे त्याला वंगण म्हणतात. "डॉक्टर, ढोपरातला वंगण संपलाय," असं म्हणत पेशंट आला की डॉक्टरांचा मफलर सुटायचा.

"एसटी आहे का तुमचा गुडघा? डेपोत नेऊन ग्रीस मारू?"

मग ते शहाळं मागवायचे. दिवेआगरहून येणाऱ्या एका टेम्पोवाल्याशी त्यांचा शहाळ्यांचा कायमचा करार होता. पाणी पेशंटला प्यायला देऊन ते शहाळं फोडायचे आणि आतली मलई नखाने सोलून दाखवायचे. "ही बघा कूर्चा. आणि ही करवंटी म्हणजे हाड. तुम्ही पिशवीतून एक्सरे आणलाय ना? त्यात फक्त करवंटी दिसते. मलई गेली तरी करवंटी तशीच. मग करवंटीवर करवंटी घासायला लागते, तुम्ही बोंबलता, आणि मग एक्सरेत दिसतं. तोपर्यंत मलई कोणी खाल्ली?" असं म्हणून ती मलई ते स्वतः खायचे. पेशंट गोंधळून माझ्याकडे बघायचा. आपली मलई डॉक्टरांनी खाल्ली की काय, असं एका आजींनी मला खरोखर विचारलं होतं.

कूर्चेला नसा नसतात, त्यामुळे ती झिजताना ओरडत नाही, हे सांगताना त्यांचा आवाज हळवा व्हायचा. "बिचारी निमूट झिजते. घरच्या बाईसारखी," ते म्हणत. मी एकदा म्हटलं, सर, तुमच्या घरची बाई निमूट असेल, आमच्याकडे या एकदा. त्यावर त्यांनी तीन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. नंतर मला कळलं की त्यांच्या बायकोचं दुखणंही असंच शेवटी शेवटी कळलं होतं, हाताबाहेर गेल्यावर. कोणतं दुखणं ते त्यांनी कधी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. मला वाईट वाटलं, पण ते मी त्यांना दाखवलं असतं तर त्यांनी माझ्याही गुडघ्यात काहीतरी काढलं असतं.

तर ही निमूट बाई पकडायची कशी? त्यांचं म्हणणं असं की थर पातळ व्हायच्या आधी त्याचं आतलं जाळं सैल होतं, आणि सैल जाळ्यात पाणी जास्त साठतं. आमचं मशीन हे पाणी बघू शकतं. त्या पाण्याचा ते रंगीत नकाशा करायचे. निळं म्हणजे ठीक, हिरवं म्हणजे लक्ष ठेवा, पिवळं-लाल म्हणजे डॉक्टरांचा दिवस सार्थकी लागला. माणसं एरवी काळे-पांढरे फोटो घेऊन जायची, त्यामुळे रंगीत फोटोचं भारी अप्रूप. दिवेआगरच्या एका घरगुती लॉजवाल्यांनी आपला नकाशा फ्रेम करून बैठकीच्या खोलीत लावला. मधोमध लाल, भोवती पिवळं, कडेला निळं. येणाऱ्या पर्यटकांना ते सांगायचे, "हा वादळाचा फोटो. वरनं घेतलेला. बघा, आमची वाडी ह्या लाल गोळ्यात होती." पर्यटक त्या गुडघ्यासमोर सेल्फी काढायचे. डॉक्टरांना हे कळलं तेव्हा मला वाटलं चिडतील. ते म्हणाले, "चला, कोणीतरी माझा रिपोर्ट गांभीर्याने घेतला."

कारण बाकी कोणी घेत नव्हतं. गावातले हाडांचे डॉक्टर पेशंट पाठवायचे ते स्नायुबंध फाटलाय का एवढंच बघायला. आमचे डॉक्टर दोन पानं कूर्चेवर लिहायचे आणि शेवटच्या ओळीत, उपकार केल्यासारखं, स्नायुबंध शाबूत असल्याचं कळवायचे. 'नॉर्मल' हा शब्द त्यांनी कधी म्हणजे कधी लिहिला नाही. "नॉर्मल हा रिपोर्ट नाही, आळस आहे," म्हणायचे. हाडांच्या डॉक्टरांचे मला फोन यायचे: "अहो, या दोन पानांचं मी करू काय?" प्रश्न बरोबर होता. या सगळ्यावर गोळी नव्हती, इंजेक्शन नव्हतं. वजन उतरवा, मांड्या बळकट करा, उड्या मारू नका, एवढाच उपाय. आणि औषध नाही म्हटल्यावर आपल्याकडे माणसाचा रोगावरचाच विश्वास उडतो.

आमच्या मालकांचाही उडाला होता. मालकांची वीटभट्टी होती, पेट्रोलपंप होता, आणि देवाच्या दयेने आता एमआरआयही होता. तिन्हीकडे यंत्र थांबलं की त्यांचा जीव वरखाली व्हायचा. आणि डॉक्टरांचा सगळ्यात मोठा गुन्हा म्हणजे बाक. कूर्चेचा स्कॅन काढण्याआधी पेशंटने अर्धा तास पाय लांब करून पडून राहायचं, असा त्यांचा नियम. चालून आलेल्या, जिना चढलेल्या गुडघ्यातलं पाणी दाबाने इकडेतिकडे झालेलं असतं, ते परत जागेवर यायला हवं, नाहीतर नकाशा खोटा. त्यासाठी त्यांनी एक लाकडी बाक आणि दोन उशा आणल्या. पेशंट बाकावर, मशीन रिकामं, मालक दारात. म्हसळ्याच्या एक आजी अर्धा तास पडल्या, उठल्या, डॉक्टरांच्या पाया पडल्या आणि म्हणाल्या, "लय बरा वाटला बघा. पुन्हा कवा येऊ?" त्यांना बाक म्हणजेच एमआरआय वाटलं होतं. मालक म्हणाले, बाईंना बाकाने बरं वाटत असेल तर मशीनचा हप्ता बाकाला भरायला सांगा.

मालकांचं आणि डॉक्टरांचं उघड बिनसलं ते दसऱ्याला. यंत्राची पूजा झालीच पाहिजे, त्यात काही वाद नाही. मी सगळ्यांना बजावलं होतं की आत लोखंड न्यायचं नाही, मशीन बंद दिसलं तरी चुंबक चालूच असतो. मालकीणबाईंनी मान डोलावली, तांब्याचं ताट घेतलं, झेंडूची माळ घेतली, आणि ताटात विड्याशेजारी माहेरचा अडकित्ता ठेवला. विडा म्हणजे सुपारी, सुपारी म्हणजे अडकित्ता, तो काही लोखंडात मोजायचा नसतो. दारातून दोन पावलं आत गेल्या आणि अडकित्ता ताटातून उठला, हवेतून गेला आणि मशीनच्या आत टण्णकन जाऊन बसला. भटजी मंत्र म्हणता म्हणता थांबले. मालकांच्या तोंडाला फेस यायचा बाकी होता. मशीनला चरा पडला, तो अडकित्ता काढायला आम्हा चौघांना लाकडाच्या पट्ट्या घेऊन घाम गाळावा लागला. डॉक्टर मफलर सारखा करत आले, अडकित्ता हातात घेऊन दोनदा उघडला-मिटला आणि म्हणाले, "मधल्या सांध्यात झीज आहे. दुखतंय का विचारा." मी हसले. हसायला नको होतं, कारण मालकांनी ते बघितलं.

आता दर्शनाबद्दल सांगायला हवं, कारण तिच्यामुळे हे सगळं लक्षात राहिलं.

दर्शना मुरूडच्या कोळीवाड्यातली. घरची होडी, बाप समुद्रावर, आई मासे विकायला, आणि ही कबड्डीत चढाया करणारी. आमच्या रायगडात कबड्डी म्हणजे काय ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. एका बँकेच्या महिला संघाची निवड त्या महिन्यात होती. संघात घेतलं की पक्की नोकरी. तिच्या वाड्यातल्या कोणत्याच मुलीला तोवर अशी नोकरी मिळाली नव्हती. मागच्या एका सामन्यात तिचा उजवा गुडघा जरासा सुजला होता, मग उतरलाही. पण बँकेला गुडघ्याचा एमआरआय हवा होता. म्हणून ती आणि तिचे मामा आले. मामा तिच्या संघाचे शिक्षक, व्यवस्थापक, शिट्टी, सगळंच.

मी तिला बाकावर झोपवलं. "मना काय दुखत न्हाय," ती म्हणाली. डॉक्टर दारातून म्हणाले, "उत्तम," आणि हात चोळत आत गेले. मी आधीच्या पेशंटला मशीनमधून काढत होते. परत आले तेव्हा दर्शना बाकावरच होती, जरा धापा टाकत होती. मशीनची भीती वाटते बऱ्याच जणांना, तशीच असेल म्हटलं.

नकाशा आला तो निळाशार. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत निळा, दर्यासारखा. डॉक्टरांनी तो मोठा करून बघितला, लहान करून बघितला, चष्मा पुसला. संध्याकाळी रिपोर्ट छापून माझ्यासमोर ठेवला. एका ओळीचा. नॉर्मल. मी त्यांना विचारलं, सर, ताप आहे का? काउंटरवरच्या पोराने त्या रिपोर्टचा मोबाइलवर फोटो काढला. मालकांनी पेढे आणवले. डॉक्टर घरी जाईपर्यंत असे दिसत होते की जणू कोणीतरी त्यांची फसवणूक केली आहे आणि ती कोणी केली ते त्यांना सापडत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मामा आले. हातात सोड्यांची, म्हणजे सुकवलेल्या कोळंबीची, मोठी पिशवी. त्या वासाने एसी हरला. मामा काउंटरवर रेलून म्हणाले, "मान्लं डॉक्टर तुमच्या मशीनला! पन थोडी आमची पन करामत हाय हां. पोरीला म्हटलं, थंड ढोपार घेऊन कोन मैदानात उतरतंय? ह्या बाई आत गेल्या तशी मागल्या दारानं नेली, जनरेटरपाशी दनादना उठाबशा, उड्या. चांगली गरम करून परत झोपवली. म्हनून फस्क्लास आला ढोपार!"

मामांचं काही चुकलं असं मला आजही म्हणवत नाही. निवडीला जाताना अंग गरम करायचं, निवडणाऱ्यासमोर थंड गुडघा न्यायचा नाही, हे त्यांनी पोरींना वर्षानुवर्षं शिकवलं होतं. त्यांच्या लेखी आमचं सेंटर म्हणजे निवडसमितीच होती.

डॉक्टरांनी मफलर काढून टेबलावर ठेवला. मी त्यांना मफलराशिवाय प्रथमच बघत होते; मान बारीक होती, म्हातारी. त्यांनी आमच्या मावशींकडून फरशीचं ओलं फडकं मागून घेतलं आणि मामांसमोर पिळलं. "सैल जाळ्यातलं पाणी मला बघायचं होतं. तुम्ही ते पिळून पाठवलंत. मी काय बघितलं? फडकं कोरडं आहे हे बघितलं." मामा हसत राहिले, कारण त्यांना वाटलं हेही कौतुकच. सोडे ठेवून गेले.

डॉक्टरांनी दर्शनाला फोन केले. ती उचलेना. दोन दिवसांनी ते मला म्हणाले, "मुरूडला चल. मला एकट्याला कोळीवाड्यात कोणी पाणी विचारणार नाही." मी म्हटलं, सोबत मी असले तरी विचारतील याची खात्री नाही. एसटीने गेलो. ती किनाऱ्यावर ओल्या वाळूत सराव करत होती, मामा शिट्टी फुंकत होते. डॉक्टरांना बघून मामांनी शिट्टी तोंडातून काढली.

"रिपोर्ट दिलात ना तुमी? नॉर्मल हाय ना? मग आता काय?"

"तो रिपोर्ट गुडघ्याचा नव्हता. उठाबशांचा होता," डॉक्टर म्हणाले.

"म्हंजे तुमी कागद बदलनार?"

मला वाटलं हो म्हणतील. हट्टी माणूस. पण ते दर्शनाकडे वळले. "कागद मी बदलत नाही. तो तुझ्याकडे आहे, बँकेला दे. मी कोणाला काही कळवणार नाही. पण खरं काय आहे ते तुला बघायचं असेल तर ये. अर्धा तास पडायची तयारी ठेवून ये."

मामांनी आम्हाला पाणी विचारलं नाही.

ती आली. मामांना न सांगता, सकाळच्या पहिल्या गाडीने, एकटीच. बाकावर पडली ती अगदी हलली नाही. वाड्यातल्या त्या चपळ मुलीला इतकं स्थिर पडलेलं बघून मला कसंतरी झालं. नकाशा आला. उजव्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला, जिथे चढाईतून परतताना सगळा भार पडतो तिथे, एक पिवळा डाग. मध्ये लालसर. नखाएवढा. डॉक्टरांना असे डाग सापडले की ते मला हाक मारून दाखवायचे. त्या दिवशी त्यांनी हाक मारली नाही. मीच जाऊन बघितलं.

शहाळंही त्यांनी मागवलं नाही. साध्या शब्दांत सांगितलं. दर्शना ऐकत होती, मग तिने विचारलं, "तुमी सांगितलं नसतं तर दुखलं असतं मना?"

"आत्ता नाही."

"मग कवा?"

"माहीत नाही. दहा वर्षांनी. लवकरही. कदाचित कधीच नाही."

"मग मी काय करू?"

"एक हंगाम खेळू नकोस. उड्या नाहीत. मांड्यांचे व्यायाम रोज. त्यानंतर उतरायची पद्धत बदल, मग खेळ."

"निवड ह्या महिन्यात हाय. बँकेला सांगू, एक वरीस थांबा, माज्या ढोपरात पिवळा डाग हाय?"

दिवसभर बडबडणारा, नवरदेवालाही न सोडणारा हा माणूस गप्प बसला. मला त्यांचा भयंकर राग आला. इतकी वर्षं लोकांना सांगत आलात, आधी कळलं पाहिजे, आधी कळलं पाहिजे. आता कळलं, घ्या. बोला की. ते मफलराचं टोक बोटाला गुंडाळत राहिले आणि शेवटी म्हणाले, "मशीन एवढंच सांगतं गं." दर्शना उठली, चप्पल घातली आणि गेली. तिने दार आपटलंसुद्धा नाही.

ती निवडीला गेली नाही. का, ते तिने कोणालाच सांगितलं नाही. नोकरी पेणकडच्या एका मुलीला लागली. मामा पुन्हा आले, या वेळी रिकाम्या हाताने, आणि काउंटरवर उभं राहून त्यांनी डॉक्टरांना जे काही ऐकवलं ते टाइल्सच्या दुकानातली गिऱ्हाइकंही बाहेर येऊन ऐकत होती. पुढच्या वर्षी बँकेने भरतीच केली नाही, त्याच्या पुढच्या वर्षी तिचं वय बसेना. मामांच्या त्या तमाशाने मालकांना हवं होतं ते निमित्त मिळालं होतं. त्यांनी रिपोर्ट ऑनलाइन करून घेतले. आता पुण्यात बसलेले कोणी तरुण डॉक्टर आमचे गुडघे चहा संपायच्या आत वाचतात आणि सगळ्यांना नॉर्मल लिहितात. पेशंट खूश, हाडांचे डॉक्टर खूश. बाक मावशींनी घरी नेला. डॉक्टर नाशिकला मुलीकडे राहायला गेले. जाताना त्यांनी कोणाचा निरोप घेतला नाही. माझ्याशी बोलले ते एवढंच की मशीनचा चरा कडेने वाढतोय, लक्ष ठेव.

पाच-सहा वर्षं झाली असतील. मागच्या हिवाळ्यात नणंदेकडे मुरूडला गेले होते, तेव्हा राजपुरीच्या धक्क्यावर दर्शना भेटली. मला तिनेच ओळखलं. आता ती घरच्या मासळीचं बघते आणि संध्याकाळी शाळेच्या मुलींना कबड्डी शिकवते. गावातल्या सामन्यात अजून स्वतःही उतरते.

"तुमचा तो मफलरवाला हाय का गेला?"

आहे म्हटलं. नाशिकला.

"त्याला सांगा, एक दिवस दुखला न्हाय माजा ढोपार. एक दिवस! उगाच घाबरवलं मना. माजी नोकरी खाल्लीन त्यानं." बोलता बोलता तिचे डोळे भरले आणि तिने ते पदराने रागारागाने पुसले. नोकरी गेल्याचं दुःख इतक्या वर्षांनीही जुनं झालं नव्हतं. मी सहज विचारलं, व्यायाम करतेस का. "ते काय, सवय लागली ती लागली. पोरींकडनं पन करून घेते," म्हणाली आणि होडीवाल्याने हाक मारली तशी माशांची टोपली डोक्यावर चढवली. ओहोटी होती, होडी धक्क्याच्या बरीच खाली होती. बाकीच्या बायका पायऱ्यांनी उतरत होत्या. हिने टोपली खाली कोणाच्यातरी हातात दिली आणि सरळ वरून उडी मारली.

मी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. ते आता कमी ऐकतात, त्यामुळे मला धक्क्यावर ओरडून बोलावं लागलं. त्यांना गोड करून सांगावं असं क्षणभर मनात आलं, पण गोड त्यांना पचलं नसतं.

"दर्शना भेटली सर. मुरूडची."

पलीकडे काही हललं. बहुतेक ते उठून बसले. "काय म्हणते?"

"शिव्या घालते तुम्हाला. एक दिवस गुडघा दुखला नाही म्हणते. उगाच घाबरवलंत, नोकरी खाल्लीत म्हणते."

"आणि?"

"आणि काय? आत्ता धक्क्यावरून होडीत उडी मारून गेली. चांगली दीड पुरुष उंचीवरून."

"कोणत्या पायावर उतरली?"

होडी वल्ह्यांवर निघाली होती. दर्शना पुढच्या टोकाला उकिडवी बसून कोणाशीतरी हसत होती. मी आठवून सांगितलं, "उजव्या."

पलीकडे त्यांनी नाक शिंकरलं.

"सर, तिला सांगू का, कदाचित तुमच्यामुळेच—"

"नको," ते घाईने म्हणाले. "काही सांगू नकोस. तिची नोकरी गेली ते खरंच आहे. मलासुद्धा माहीत नाही, न सांगता दुखलं असतं की नाही. घालू दे शिव्या. म्हातारी होईपर्यंत घालू दे."